बोला, पण मत देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मत देणारे खासदार ४३५. पण त्यांच्याबरोबर आणखी सहा जण तिथे बसतात, अमेरिकेच्या ताब्यातल्या पण राज्याचा दर्जा नसलेल्या भागांचे प्रतिनिधी. भाषणं करतात, विधेयकं मांडतात, समित्यांमध्ये हातही वर करतात. मात्र सभागृहात एखादं विधेयक अखेरच्या मतदानाला आलं, की हे सहा जण बघ्यांच्या रांगेत. पुन्हा सांगतो: बोलायचा हक्क आहे, मताचा नाही.

ही तऱ्हा त्यांच्या राज्यघटनेहून दोन महिन्यांनी का होईना, पण जुनी आहे. जुलै १७८७ मध्ये ओहायो नदीपलीकडच्या मुलखासाठी कायदा झाला. मुलूख मोठा, वस्ती विरळ. राज्याचा दर्जा मिळेपर्यंत तिथल्या लोकांनी एक प्रतिनिधी पाठवावा, त्याने चर्चा करावी, मत देऊ नये, असं ठरलं. १७९४ साली पुढे टेनेसी झालेल्या प्रदेशातून जेम्स व्हाइट दाखल झाले, तेव्हा सभागृहच गोंधळलं. यांना बसवायचं कुठे? शपथ द्यायची का? पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सभासद जेम्स मॅडिसन म्हणाले, हे सभासदच नाहीत, मग शपथेची सक्ती कशी करणार? झालं, शपथ नाही, पण सभासदांसारखं टपाल फुकट!

आपल्या महापालिकेतल्या स्वीकृत नगरसेवकांची आठवण झाली ना? त्यांनाही मत नसतं. कायद्याने ती जागा जाणकारांसाठी, प्रशासनाचा अनुभव असलेल्यांसाठी ठेवली आहे. प्रत्यक्षात तिकीट हुकलेल्यांची आणि पडलेल्यांची सोय तिथे लागते. एखाद्या गावाने त्या जागेवर पाणीपुरवठ्यातला निवृत्त इंजिनिअर बसवून बघावा, असं मला फार वाटतं. असो, गाडी रुळावर आणतो.

आज खरं तर मला तुम्हाला अशाच एका मत नसलेल्या प्रतिनिधीची, एका कॅथलिक पाद्र्याची गोष्ट सांगायची आहे. फादर गाब्रिएल रिशार. मूळचा फ्रान्सचा, राज्यक्रांतीच्या धामधुमीत अमेरिकेत आला आणि १७९८ साली डेट्रॉइटला पोहोचला. तेव्हाचं डेट्रॉइट म्हणजे लाकडी घरांचं, फ्रेंच बोलणारं छोटंसं गाव. जून १८०५ मध्ये आग लागली आणि जवळजवळ अख्खं गाव जळालं. त्या राखेसमोर या माणसाने लॅटिनमध्ये जे म्हटलं, तेच आज डेट्रॉइट शहराचं ब्रीद आहे: चांगल्या दिवसांची आशा आहे, हे राखेतून पुन्हा उभं राहील. पुढे त्याने गावात छापखाना आणला, वर्तमानपत्र काढलं. १८१७ साली मिशिगनचं विद्यापीठ निघालं, तेव्हा तेरा विषयांची प्राध्यापकी दोघांनीच वाटून घेतली. सात एका प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेगळ्याच ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्याकडे, सहा आपल्या रिशारकडे!

तर याच्या चर्चमधल्या एका माणसाने काडीमोड घेऊन दुसरं लग्न केलं. रिशारने त्याला भर प्रार्थनेत वाळीत टाकलं. त्या माणसाने ठोकला अब्रुनुकसानीचा दावा आणि जिंकलाही. भरपाई हजार डॉलरच्या वर. रिशार म्हणाला, धर्माच्या कामात कोर्टाचा काय संबंध? एक पै देणार नाही. त्यापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली.

याच धामधुमीत १८२३ साली तो मिशिगन प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. फ्रेंच मतदारांनी त्याला निवडून दिलं. पडलेल्या उमेदवाराने तक्रार केली, की याला नागरिकत्व मिळून वर्षसुद्धा झालेलं नाही. प्रतिनिधिगृहाने ती फेटाळली. पाद्री वॉशिंग्टनला गेला. रोजचा आठ डॉलर भत्ता मिळायचा, आणि इकडे डेट्रॉइटला त्याचं चर्च अर्धवट बांधून पडलं होतं. हिशेब तुम्हीच करा.

आता मत नसलेला माणूस काय करणार? बोलणार! फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत त्याने एकच गोष्ट लावून धरली: डेट्रॉइटपासून शिकागोपर्यंत रस्ता द्या. आपल्या गावाला सोय हवी, असं रडगाणं त्याने गायलं नाही. मध्ये पसरलेली जमीन सरकारची आहे, रस्ता झाला तर ती विकली जाईल, आणि लढाई झाली तर सैन्य वेळेवर पोहोचेल. म्हणजे फायदा ऐकणाऱ्याच्या पदरात! १८२५ साली रस्त्याच्या पाहणीला मंजुरी मिळाली. त्या रस्त्यावरून पुढे बैलगाड्या भरभरून वस्तीला माणसं आली. आजचा १२ क्रमांकाचा महामार्ग बराचसा त्याच वाटेने जातो. आणि त्याच वर्षी पाद्रीबुवा निवडणूक हरले, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी! १८३२ साली डेट्रॉइटमध्ये कॉलऱ्याची साथ आली. रुग्णांची सेवा करतानाच ते गेले. मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला त्यानंतर पाच वर्षांनी, १८३७ साली.

वेळ संपत आली, म्हणून पुढचं भराभर सांगतो. मिशिगन, हवाई, अलास्का यांना राज्य मिळालं, मत मिळालं. पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मरियाना आणि खुद्द राजधानी वॉशिंग्टन मात्र बाहेरच राहिले. एकट्या पोर्तो रिकोत तीस लाखांहून जास्त माणसं आहेत. राजधानीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तर तक्रारच छापलेली असते, की कर घेता आणि प्रतिनिधित्व देत नाही.

१९९३ साली डेमोक्रॅट पक्षाने एक मखलाशी केली. सबंध सभागृह जेव्हा समिती म्हणून बसतं, तेव्हा या प्रतिनिधींनाही मत द्यायला मुभा दिली. मात्र त्यांच्या मतांमुळे निकाल फिरला, तर त्यांना वगळून पुन्हा मतदान! लक्षात आलं ना? मत द्या, पण ते उपयोगी पडलं तर रद्द. १९९५ मध्ये रिपब्लिकन आले, त्यांनी ही मुभासुद्धा काढली. २००७ ला परत दिली, २०११ ला काढली, २०१९ ला पुन्हा दिली. २०२३ ला रिपब्लिकन परत आले, तरी ती तशीच राहिली. तोवर मात्र बहुमत बदललं की नियम बदलायचा.

पुढच्या भागात हवाईच्या राजपुत्राची गोष्ट ऐकू. तोही आधी तुरुंगात आणि मग वॉशिंग्टनला! नमस्कार.