बंदर श्री भगवान: ब्रुनेईची ओळख

श्रोतेहो, नमस्कार.

मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आग्नेय आशियाचा धडा आला की इंडोनेशियाला दोन तास जायचे, मलेशियाला एक, आणि ब्रुनेई एका ओळीत आटपायचा: 'येथे खनिज तेल व नैसर्गिक वायू सापडतो.' जोड्या लावा म्हटलं की त्याची राजधानी यायची, बंदर सेरी बेगवान. मुलं नाव घोकायची आणि आम्ही पुढच्या देशाकडे वळायचो. हे नाव म्हणजे 'बंदर श्री भगवान' आहे हे एकदा अचानक लक्षात आलं, तेव्हापासून हा देश माझ्या मनातून गेलेला नाही. आज त्या एका ओळीची भरपाई करायची आहे.

बंदर हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तसाच मलय भाषेतही गेला, आणि तिथे त्याचा अर्थ 'शहर' असा झाला. 'सेरी बेगवान' ही गादी सोडलेल्या सुलतानाची पदवी. १९७० पर्यंत या शहराला नुसतं ब्रुनेई टाउन म्हणत. मग आपणहून गादी मुलाला देणाऱ्या सुलतानाच्या सन्मानार्थ हे नाव आलं. देश मुसलमानांचा, पण इस्लाम येण्याआधीच्या शतकांत व्यापाराच्या गलबतांबरोबर जे संस्कृत शब्द तिकडे पोचले, ते तिथेच राहिले. देश म्हणजे 'नगारा', आपलं नगर. भाषेला 'बहासा', शिक्षकाला 'गुरु', धर्माला 'आगामा'. राजवाडा म्हणजे 'इस्ताना', मूळ शब्द आस्थान. पंतप्रधानाला 'पर्दाना मन्तरी' म्हणतात, त्यातला प्रधान आणि मंत्री दोन्ही ओळखू येतात. आणि सरकार? सरकारला शब्द आहे 'करजाआन'. 'राजा' या शब्दाला मागेपुढे प्रत्यय लावून तो तयार झाला. हा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. त्याचा बहुतेक भाग इंडोनेशिया आणि मलेशियाकडे आहे. उत्तर किनाऱ्यावर, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर ब्रुनेई आहे. क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. आणि वस्ती मात्र साडेचार लाखांच्या आसपास, सिंधुदुर्गाच्या निम्म्याला थोडी जास्त. गंमत म्हणजे बोर्निओ हे नावच 'ब्रुनेई'वरून पडलं. युरोपीय खलाशी आले तेव्हा इथल्या सुलतानाचा दरारा किनाऱ्याकिनाऱ्याने फिलिपिन्सपर्यंत होता, म्हणून त्यांनी अख्ख्या बेटालाच त्याच्या राज्याचं नाव दिलं. आज नाव बेटाला आहे आणि राज्य एका कोपऱ्यात.

तेही एकसंध नाही. देशाचे चार जिल्हे: ब्रुनेई-मुआरा, तुतोंग, बेलाइत आणि तेंबुरोंग. पहिले तीन सलग आहेत, चौथा वेगळा पडलेला, आणि मधे मलेशियाचा लिंबांग भाग पाचरीसारखा घुसलेला. हे कसं झालं? १८४१ मध्ये जेम्स ब्रुक नावाचा एक धाडसी इंग्रज सारावाकचा, म्हणजे आज मलेशियात असलेल्या शेजारच्या प्रदेशाचा, 'राजा' झाला. त्याने आणि त्याच्या पुतण्याने पुढच्या पन्नास वर्षांत सुलतानाचा एकेक प्रदेश आपल्याकडे वळवला. १८८८ मध्ये ब्रुनेई ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेला, तरी हे थांबलं नाही. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, लिंबांग गेलं आणि देशाचे दोन तुकडे झाले. संरक्षण कुणापासून आणि कुणाचं, असा प्रश्न इथे पडतोच.

तेंबुरोंगच्या माणसाला राजधानीला रस्त्याने जायचं तर आपल्याच देशातून आपल्याच देशात जाताना पासपोर्टवर चार शिक्के मारून घ्यावे लागायचे. नाहीतर खारफुटीच्या खाड्यांतून होडीने जायचं. मार्च २०२० मध्ये ब्रुनेईच्या उपसागरावरून सुमारे तीस किलोमीटर लांबीचा पूल सुरू झाला. त्या पुलाला नाव त्याच सुलतानाचं आहे, ज्याच्या पदवीवरून राजधानीचं नाव पडलं: उमर अली सैफुद्दीन. सव्वाशेहून अधिक वर्षांची चीर त्या पुलाने समुद्रावरून शिवली.

तेंबुरोंगमध्ये माणूस कमी आणि रान जास्त. एकूण देशाचाच बराचसा भाग अजून दाट वनाखाली आहे, आणि त्यात 'कापूर' नावाचे उंचच उंच वृक्ष आहेत. आपल्याकडे ज्याला भीमसेनी कापूर म्हणतात तो मुळात या बोर्निओ-सुमात्राच्या झाडांच्या खोडात सापडणारा. चीनपासून अरबस्तानपर्यंत त्याला सोन्याचा भाव होता, आणि तेल सापडण्याच्या कितीतरी शतकं आधी ब्रुनेईच्या व्यापारात त्याला मान होता. जंगल तोडून विकावं अशी गरज तेलामुळे पडली नाही, म्हणून शेजारच्या प्रदेशांत जे उजाड झालं ते इथे उभं राहिलं. तेलाने केलेलं हे एक चांगलं काम मला मनापासून मोलाचं वाटतं.

आता राजधानीतल्या नदीवर या. 'काम्पोंग आयेर', म्हणजे पाण्यावरचं गाव. नदीत रोवलेल्या खांबांवर घरं, आणि घरापासून घरापर्यंत फळ्यांचे पूल. शाळा, मशिदी, दुकानं, अग्निशमन केंद्र, सगळं पाण्यावर. घरासमोरून जाणारी होडी हात दाखवला की थांबते. मॅगेलनच्या मोहिमेतली जहाजं, मॅगेलन मारला गेल्यावर, १५२१ मध्ये इथे पोचली. पाहुण्यांना दरबारात न्यायला सुलतानाने रेशमी झुली घातलेले हत्ती पाठवले होते, आणि बरोबरच्या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवलं की राजाचा वाडा आणि काही सरदारांची घरं सोडली तर सारं शहर खाऱ्या पाण्यात उभं आहे. पाचशे वर्षं झाली, ते अजून उभं आहे. सरकारने जमिनीवर घरं देऊ केली, अनेक कुटुंबं गेलीही. पण हजारो माणसं आजही पाण्यावरच राहतात. गाडी काठावर लावायची आणि होडीने घरी जायचं.

त्या घरांत सणावाराला 'अंबुयात' होतं. रुंबिया नावाच्या माडाच्या खोडातला गर धुऊन त्याचं सत्त्व काढतात, उकळतं पाणी ओतून त्याची पारदर्शक चिकट खळ करतात, बांबूच्या दुहेरी काडीला गुंडाळतात, आंबट-तिखट चटणीत बुडवतात आणि न चावता गिळतात. हे सत्त्व म्हणजे 'सागू'. आपल्या सागूदाण्यातला, साबुदाण्यातला शब्द तिथलाच. आपला दाणा मात्र आता कंदापासून करतात.

आणि मग तेल. पश्चिमेला बेलाइत जिल्ह्यात सेरिया नावाचं गाव आहे. सांगतात की १९२६ मध्ये दोन तेलशोधक किनाऱ्याने सायकलवरून चालले होते, विश्रांतीला थांबले आणि एकाला तेलाचा वास आला. १९२९ मध्ये तिथे तेल लागलं. तोवर हे राज्य इतकं गरीब झालं होतं की उरलेला तुकडाही टिकेल की नाही अशी शंका होती. महायुद्धात जपानी सैन्याने ही क्षेत्रं ताब्यात घेतली आणि १९४५ मध्ये माघार घेताना तीन डझनांवर विहिरी पेटवल्या. त्या विझायला महिने लागले. पुढे समुद्रातही तेल आणि वायू सापडला. लुमुतच्या कारखान्यात वायू थंड करून द्रव करायचा आणि जहाजं भरून जपानला पाठवायचा, हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चाललं आहे. सेरियात घरांच्या परसात, शाळेच्या कुंपणाला लागून तेल उपसणारे पंप मान हलवत असतात.

हे तेल नसतं तर ब्रुनेई आज मलेशियाचं एक राज्य असता. १९६३ मध्ये मलेशियाचं संघराज्य झालं, तेव्हा बोलणी शेवटपर्यंत गेली होती. तेलाच्या पैशावर हक्क कुणाचा आणि मलय सुलतानांच्या रांगेत ब्रुनेईचा मान कितवा, या दोन मुद्द्यांवर सुलतान उमर अली मागे फिरले. पण त्याच्या वर्षभर आधी जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६२ मध्ये ब्रुनेईत निवडणूक झाली. आझहारी यांच्या पार्ताई रायात या पक्षाने निवडणुकीला असलेल्या सोळाच्या सोळा जागा जिंकल्या. सुलतानाने नेमलेले सदस्य मात्र त्यांच्याहून जास्त होते, आणि विधिमंडळाची बैठक लांबत गेली. ८ डिसेंबरला सशस्त्र उठाव झाला. सिंगापूरहून ब्रिटिशांनी गुरखा पलटण उतरवली आणि काही दिवसांत उठाव मोडला. पक्षावर बंदी आली. त्या वेळी लागू झालेली आणीबाणी दर दोन वर्षांनी वाढवत वाढवत आजतागायत चालू आहे. १९६५ मध्ये एक मर्यादित निवडणूक झाली, ती शेवटची. त्या वेळी मत दिलेली माणसं आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. गुरखे मात्र अजून सेरियात आहेत. ब्रिटिश सैन्याची ती पलटण आणि तिचा खर्च ब्रुनेईकडे.

१९६७ मध्ये उमर अलींनी गादी सोडली. इंग्लंडमधलं लष्करी शिक्षण अर्ध्यावर टाकून एकवीस वर्षांचा मुलगा परतला. तेच आजचे एकोणतिसावे सुलतान, हसनल बोल्किया. १ जानेवारी १९८४ ला देश पूर्ण स्वतंत्र झाला. सुलतानच पंतप्रधान आहेत; संरक्षण, अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही त्यांच्याकडेच. राज्यघटनेत लिहिलं आहे की सुलतानांच्या हातून चूक होऊ शकत नाही. २००४ मध्ये विधिमंडळ पुन्हा भरू लागलं, पण त्याचे सदस्य नेमलेले असतात. 'करजाआन' हा शब्द तिथे असा अक्षरशः खरा आहे.

लोक हे का स्वीकारतात, हे केवळ भीतीने सांगता येणार नाही. व्यक्तीच्या पगारावर आयकर नाही. सरकारी दवाखान्यात नागरिकाने एक डॉलर द्यायचा. शाळा फुकट, पेट्रोल स्वस्त, घरासाठी सरकारी योजना. रमजान ईदनंतर तीन दिवस राजवाड्याचे दरवाजे सर्वांना उघडे असतात. १,७८८ खोल्यांचा हा वाडा, आणि त्यात हजारो माणसं पंगतीला बसतात. पुरुष सुलतानांचा हात हातात घेतात, बायका राणीचा, आणि पोरांच्या हातात पैशांची पाकिटं पडतात. वर्षातून एकदा राजाचा हात प्रत्यक्ष हातात येतो, याचं मोल बाहेरून बघणाऱ्याने कमी लेखू नये.

पण प्रश्न विचारायची जागाही त्यामुळे आक्रसते. 'मलायू इस्लाम बराजा', म्हणजे मलयपण, इस्लाम आणि राजेशाही, हे तीन शब्द देशाचं तत्त्वज्ञान म्हणून शाळेपासून शिकवले जातात. २०१४ पासून शरियतवर आधारित दंडसंहिता टप्प्याटप्प्याने आली. २०१९ च्या टप्प्यात दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षाही तिच्यात होती. जगभर निषेध झाला तेव्हा सुलतानांनी मृत्युदंडावरची स्थगिती कायम राहील असं जाहीर केलं. कायदा मात्र पुस्तकात आहेच. अशी शिक्षा पुस्तकातसुद्धा असू नये, असं मला वाटतं.

आणि तेल आटत चाललंय. १९७९ च्या सुमारास दिवसाला अडीच लाख पिंपांच्या आसपास निघत असे, आज त्याच्या निम्म्याहून कमी. शिकलेल्या मुलांना सरकारी नोकरी हवी असते आणि सरकारकडे आता तेवढ्या जागा नाहीत. २०३५ पर्यंत तेलावरचं अवलंबन कमी करायचं असा आराखडा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले, भारतीय पंतप्रधानांचा तो पहिलाच द्विपक्षीय दौरा. त्याआधीपासून आपल्या इस्रोचं एक केंद्र ब्रुनेईत आहे; आपले अग्निबाण आणि उपग्रह यांचा माग ते घेतं.

शेवटी ज्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला हे भाषण संपवता येत नाही, ती माणसं. दोन तृतीयांश लोक मलय आहेत. कायद्याने सात जमाती मूळच्या मानल्या जातात, केदायान, दुसून, मुरुत यांसारख्या. दहातला एक जण चिनी वंशाचा. या चिनी कुटुंबांतल्या हजारो जणांना नागरिकत्व नाही. जन्म तिथला, आईबापांचा जन्म तिथला, दुकान तिथलं, तरी मलय भाषेची आणि चालीरीतींची कठीण परीक्षा ओलांडावी लागते. नागरिकत्व बापाकडून येतं. आई नागरिक असली तरी ते मुलाला आपोआप मिळत नाही. परदेशी जायचं तर नागरिकत्व नसलेल्या या माणसांच्या हातात पासपोर्टऐवजी ओळखीचा एक दाखला असतो. विमानतळावर तो पुढे करताना 'तुमचा देश कोणता' या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे शब्द नसतो, आणि तो देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे आहे.

नमस्कार.