सांता फे : मातीची राजधानी

[दृश्य : लाकडी साचा, चिखलाने माखलेले हात]

साच्यात चिखल दाबून भरायचा, ओल्या तळव्याने वरचा थर सारखा करायचा आणि साचा अलगद उचलून घ्यायचा. मागे जमिनीवर उरते ती कच्ची वीट, जिला येथे अडोबी म्हणतात. चिकणमाती, वाळू, पाणी आणि पेंढा एवढेच तिचे साहित्य असले, तरी प्रमाण साधणे सोपे नाही. चिकणमाती जास्त झाली की वीट वाळताना तडकते, वाळू जास्त झाली की कडा ढासळतात. काही दिवसांनी वीट कडेवर उभी करतात, म्हणजे दोन्ही अंगांना वारा लागतो, आणि पुढे काही आठवडे तिला उन्हाखेरीज कोणतीही भट्टी लागत नाही. वाळलेली वीट सुमारे १५ किलो भरते.

[दृश्य : डोंगर, त्यापुढे सपाट छपरांचे शहर]

सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या पायथ्याशी, सुमारे ७ हजार फूट उंचीवर वसलेले सांता फे ही न्यू मेक्सिको राज्याची राजधानी आहे. १६१० च्या सुमारास स्पॅनिश गव्हर्नर पेद्रो दे पेराल्ता याने ती वसवली आणि अमेरिकेतील राज्यांच्या राजधान्यांमध्ये तीच सर्वांत जुनी मानली जाते. मात्र येथील बांधणीला नुसते स्पॅनिश म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण स्पॅनिश येण्यापूर्वी कित्येक शतके या प्रदेशातील मूलनिवासी प्वेब्लो लोक ओल्या मातीचे थर हाताने रचून मजली घरे उभारत होते. स्पॅनिशांनी आणला तो साचा. अडोबी हा शब्दही अरबीतून स्पेनमार्गे येथे पोहोचला.

[दृश्य : गव्हर्नरांचा वाडा, ओसरीवरील कारागीर]

चौकाच्या उत्तरेला पसरलेला हा बैठा वाडा गव्हर्नरांचा. आज त्याच्या ओसरीत मूलनिवासी कारागीर चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने कापडावर मांडून बसतात, हे दृश्य पाहताना १६८० सालाची आठवण ठेवायला हवी. पोपे या प्वेब्लो नेत्याने गाठी मारलेल्या दोऱ्या धावपटूंच्या हाती गावोगाव पाठवल्या, रोज एक गाठ सोडत दिवस मोजले गेले, आणि स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. वेढ्यात सापडलेल्या स्पॅनिशांचे पाणी बंडकऱ्यांनी तोडले, तेव्हा त्यांना शहर सोडून दक्षिणेकडे निघून जावे लागले; पुढची १२ वर्षे प्वेब्लो लोक येथे राहिले आणि त्यांनी हा वाडा आपल्या पद्धतीच्या वस्तीत बदलून टाकला. नंतर स्पॅनिश परतले, १८२१ मध्ये मेक्सिकोची सत्ता आली, १८४६ मध्ये अमेरिकेचे सैन्य आले.

[दृश्य : ओसरीचे लाकडी खांब, भिंतीबाहेर आलेली तुळयांची टोके]

रेल्वेचा मुख्य मार्ग सांता फेला वगळून गेला आणि १८८० मध्ये शहराच्या वाट्याला एक फाटा तेवढा आला. व्यापार ओसरला. न्यू मेक्सिकोला १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी शहराने जुनी मातीची शैली जपण्याचे ठरवले. त्याच सुमारास वाड्याला मध्यंतरी चढवलेली व्हिक्टोरियन धाटणीची ओसरी उतरवून आज दिसणारी ओसरी बांधण्यात आली. म्हणजे जी आपण प्राचीन समजून पाहत आहोत, ती विसाव्या शतकातील आहे. १९५७ च्या नियमांनी जुन्या भागात हीच शैली बंधनकारक केली. १९६६ चे गोलाकार विधानभवनही मातकट रंगाचे आहे, पण ते मातीचे नाही.

[दृश्य : भिंतीचा पाया, सुटलेला सिमेंटचा पापुद्रा]

खरी हानी सिमेंटने केली. मातीचा गिलावा दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो, म्हणून विसाव्या शतकात अनेक जुन्या भिंतींवर सिमेंट चढवले गेले. सिमेंटच्या भेगेतून शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि वरून ठणठणीत दिसणारी भिंत पायाशी आतल्या आत पुन्हा चिखल होते. सान मिगेलच्या जुन्या प्रार्थनामंदिराचे सिमेंट काढून त्याला पुन्हा मातीचा गिलावा दिला गेला, ते याच कारणाने. शहरातील घरे आता इतकी महाग झाली आहेत की पिढ्यान्‌पिढ्या या भिंती लिंपणाऱ्या कित्येक कुटुंबांना येथे राहणे परवडत नाही.

[दृश्य : गिलावा देणारी स्त्री]

गिलावा देण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. त्यांना एन्हाराडोरा म्हणतात. आधी भिंतीवर पाणी शिंपडायचे, मग मातीचा गोळा तळव्याने खालून वर ओढत न्यायचा. बोटांचे फराटे पुसायचे नाहीत, कारण पुढचा थर त्यांनाच धरून बसतो.