आधी बाकावर, मग चेसिसवर

(वडाळा ट्रक टर्मिनल, सकाळ. रांगेतले ट्रक. त्यातल्या एकाची केबिन पुढे कललेली.)

बंदरातून आलेला ट्रक वडाळ्याला टेकला की त्याच्याभोवती आधी चहावाला येतो, मग मिस्त्री. हा ट्रक मात्र सकाळपासून जागचा हललेला नाही. चाकांना लाकडी ठोकळे लावलेत. उजव्या चेसिसवर बोल्टांची भोकं रिकामी दिसतात. तिथला स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे ड्रायव्हरच्या हातचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारी पेटी, उतरवलाय, आणि त्याच्या जागी जो बसणार आहे तो हा, बाकावरचा. काळ्या रंगात चकचकणारा. जुना बॉक्स परत द्यायच्या बोलीवर घेतलेला, रिकंडिशन.

नव्यापेक्षा हा बराच स्वस्त पडतो, म्हणून मालक तो घेतात. त्यात गैर काही नाही. नीट काम केलेला बॉक्स पूर्ण उघडतात, धुतात, झिजलेले भाग, बेअरिंगं आणि सगळी सीलं बदलतात, आणि शेवटी टेस्ट बेंचवर तेलाच्या दाबाखाली चालवून बघतात. घाईत उरकलेल्या बॉक्सचं गळकं सील तेवढं बदलतात आणि वरून रंग मारतात. बाकावर ठेवले तर दोन्ही सारखेच देखणे.

(ट्रेमध्ये सुटा केलेला दुसराच एक जुना बॉक्स. वर्म, नट, गोळ्या.)

आत काय असतं, ते या ट्रेमध्ये पसरलंय. हा पीळ असलेला दांडा म्हणजे वर्म. ड्रायव्हरने स्टीअरिंग फिरवलं की तो फिरतो. त्यावर हा जाडजूड नट, आणि दोघांच्या मधल्या खाचेत पोलादी गोळ्यांची माळ. वर्म फिरला की गोळ्या एका टोकाने बाहेर पडून नळीतून दुसऱ्या टोकाला येतात आणि पुन्हा कामाला लागतात, रहाटगाडग्यासारख्या. नट पुढेमागे सरकतो. त्याच्या अंगावरचे दाते खालच्या दातेरी दांड्याला, सेक्टर शाफ्टला फिरवतात, शाफ्ट त्याला लटकलेल्या ड्रॉप आर्मला, आर्म चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला, ड्रॅग लिंकला, आणि मग कुठे पुढचं चाक वळतं.

एवढ्या वजनाच्या गाडीला नुसतं मनगट पुरत नाही. म्हणून नटाच्या दोन्ही बाजूंना पंपाचं तेल. कोणत्या बाजूला दाब द्यायचा, ते वरच्या टोकाचा व्हॉल्व्ह ठरवतो. हे दुखणं ट्रकवाल्यांनीच आधी ओळखलं होतं. अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ मध्ये तेलाच्या दाबावरचं पॉवर स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांनी ते वापरलं. विक्रीच्या मोटारीत यायला मात्र १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पिरिअलमध्ये. म्हणजे ट्रकसाठी शोधलेली सोय आधी मिळाली शेठ लोकांना.

(बाक. दोन बॉक्स शेजारी शेजारी. मिस्त्रींचे हात.)

मिस्त्रींनी अजून पान्याला हात लावलेला नाही. आधी जुना आणि नवा शेजारी शेजारी. पट्टीवरचा नंबर कापडाने पुसून ताडून बघतात. मग होजची, म्हणजे तेलाच्या नळ्यांची, तोंडं कुठल्या अंगाला आहेत, बोल्टांच्या भोकांमधलं अंतर किती, शाफ्टचे दाते किती. दाते ते नखाने मोजतात, तोंडाने पुटपुटत. वरचा, स्टीअरिंगकडचा इनपुट शाफ्ट उजवीकडे फिरवल्यावर खालचा शाफ्ट कुठल्या बाजूला वळतो, तेही दोन्ही बॉक्सांवर करून बघायचं. स्टीअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचा बॉक्स दिसायला हुबेहूब असू शकतो, आणि तो उलटा वळतो.

मग अंगठा. सेक्टर शाफ्टच्या दात्यांवरून तो सरळ खाली येतो. रेषा सरळ हवी. जराशी तिरकी लागली तर या शाफ्टने कधीतरी मोठा मार खाल्लाय, पीळ बसलाय. असा बॉक्स तिथूनच परत. पुढे बोल्टाच्या कानांभोवती बारीक तडा आहे का, कुठे वेल्डिंग केलंय का. या ओतीव कवचाला वेल्डिंग चालत नाही, कितीही सफाईदार असलं तरी. चेसिसला टेकणाऱ्या बाजूवर रंगाचा जाड थर होता. मिस्त्री तो खरवडून काढतायत, कारण रंग दबला की बोल्ट ढिला होतो.

(मिस्त्री शाफ्ट फिरवतात. पोरगा खडूने खूण करतो.)

आता फेरे. तोंडावरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या, खाली ट्रे ठेवला. वरचा शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोरगा मोजतोय. साडेपाच भरले. म्हणजे मध्य पावणेतीनवर. कुठेही अडखळ नको, खरखर नको. फक्त मधोमध हाताला किंचित घट्ट लागायला हवं. तो दोष नाही. सरळ रस्त्यावर गाडी डुलू नये म्हणून मधले दाते मुद्दाम तसे बसवलेले असतात. मध्य सापडला की सेक्टर शाफ्टच्या टोकावरची खूण बघायची, ती ड्रॉप आर्मच्या खुणेशी जुळली पाहिजे. एक दाता इकडेतिकडे झाला तर स्टीअरिंगचं चाक वाकडं बसतं आणि गाडी एका बाजूला कमी वळते. मग गॅरेजवाले स्टीअरिंगचं चाक काढून सरळ लावतात आणि काम झालं म्हणतात!

पुढची खूण बाहेरच्या माणसाला फसवते. खालचा शाफ्ट धरून ठेवला तरी वरचा थोडासा फिरतो. मालक म्हणतो, प्ले आहे, म्हणजे ढिला आहे. पण सोडल्यावर तो आपोआप जागेवर येतोय, बघा. आतली बारीक सळी, टॉर्शन बार, पिळली जाऊन उलगडते, तिच्यावरच व्हॉल्व्ह चालतो. सोडल्यावर जिथल्या तिथे पडून राहिला तर तो खरा प्ले. तो घालवायला वरचा स्क्रू आवळणारे कमी नाहीत. आवळला की वळणानंतर स्टीअरिंग परत फिरत नाही, ड्रायव्हरला ते ओढून आणावं लागतं.

शेठचा फोन येतो. मिस्त्री एका हाताने बोलतात, दुसरा हात शाफ्टवरच.

“हो शेठ, बाकावरच आहे. परत उतरवायला लागला तर मजुरी दुप्पट पडेल, चालेल का?”

बिलात ‘बॉक्स बदली’ अशी एकच ओळ असते. बाकावरच्या कामाची वेगळी मजुरी मिळत नाही.

(जुनं तेल डब्यात. मिस्त्री चुंबक बुडवतात.)

काढलेल्या तेलात चुंबक फिरवला. वर आला तो केसाळ होऊन, लोखंडाच्या बारीक चुऱ्याने. जुना बॉक्स मरताना हे सोडून गेला. हा चुरा होजमध्ये, टाकीत, पंपात बसलाय. तो धुतला नाही तर नवा बॉक्स थोड्याच दिवसांत याच बाकावर येतो आणि दोष जातो रिकंडिशनवाल्यावर. म्हणून टाकी धुतली, फिल्टर बदलला, आतून फुगलेला होज टाकून दिला. पंपाचा दाबही तपासला.

बसवताना दोनच गोष्टी सांगतो. ड्रॉप आर्म पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायचा आणि नटाने ओढून बसवायचा. हातोड्याचा घाव आर्मवर पडतो आणि आतल्या बेअरिंगला लागतो. आणि बोल्ट नवे, किती आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, टॉर्क रेंचने कसलेले. यात चूक राहिली तर काय होतं, ते भरल्या ट्रकने बोरघाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला विचारायची गरज नाही.

(पुढची चाकं जॅकवर. टाकीतलं तेल.)

चाकं अधांतरी, इंजिन आयडलवर. पोरगा स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय. टाकीत फेस दिसतो, म्हणजे हवा निघतेय. तेल खाली गेलं की वरून भरायचं, फेस बसेपर्यंत. शेवटच्या टोकाला रेटून धरायचं नाही, पंप तापतो. काही बॉक्सांत पहिल्याच पूर्ण वळणाला आतले व्हॉल्व्ह स्वतःची हद्द ठरवून घेतात, म्हणून ॲक्सलचे स्टॉप, म्हणजे चाकाचं वळणं अडवणारे बोल्ट, त्याआधीच बरोबर लावलेले हवेत. इथे ते सकाळीच लावून झालेत.

जुन्या बॉक्सच्या तोंडांना आता नव्याच्याच टोप्या लागल्या. तो रिकंडिशनवाल्याकडे जाईल, एक्सचेंजचा हिशेब पुरा करायला. कवचाला तडा निघाला तर पैसे कापतात, म्हणून मिस्त्रींनी त्याचेही कान आधीच बघून ठेवलेत.