उसाचे चक्र आणि पाण्याचा हिशेब

मित्रहो, चक्रीय अर्थव्यवस्था म्हटले की प्लास्टिकच्या बाटल्या, जुने मोबाइल, भंगार असे विषय निघतात. मी आज साखर कारखान्यावर बोलणार आहे. काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, हे तत्त्व महाराष्ट्रात साखर धंद्याइतके दुसऱ्या कुणी अमलात आणले असेल असे मला वाटत नाही. तरीही या धंद्याने पर्यावरण राखले, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

जे चांगले आहे ते आधी मोकळ्या मनाने पाहू. एक टन ऊस गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, पडला की त्यातून साधारण 100 ते 110 किलो साखर निघते, 280 ते 300 किलो बगॅस म्हणजे चोथा, 40-45 किलो मोलॅसिस म्हणजे मळी आणि 35-40 किलो प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. बगॅस बॉयलरमध्ये जाते. त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकली जाते. मोलॅसिस आसवनीत, म्हणजे अल्कोहोल बनवायच्या कारखान्यात, जाते. प्रेसमड शेतकरी ट्रॉली भरभरून शेतात नेतात. सर्वांत त्रासदायक तो स्पेंट वॉश, आसवनीचे सांडपाणी. एक लिटर अल्कोहोलमागे तो आठ ते पंधरा लिटर निघतो, गडद तपकिरी आणि उग्र वासाचा. ओढ्यात गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे वर येऊन मरतात. नदीकाठच्या गावांनी हे सोसले आहे. आता तो बाहेर सोडायला बंदी आहे. त्यापासून बायोगॅस काढतात, उरलेला आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करतात. जाळल्यावर जी राख उरते तिच्यात पालाश (पोटॅश) असते. मोलॅसिसपासून मिळणाऱ्या या पालाशला 2021 पासून खतासारखे अनुदानही मिळते. आपला देश पालाशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, हे लक्षात घेतले की या राखेचे मोल कळते.

यामागचे शास्त्र मला फार सुंदर वाटते. साखरेच्या कणात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन याखेरीज काही नसते. म्हणजे साखर बनते हवा आणि पाणी यांपासून, सूर्याच्या बळावर. उसाने जमिनीतून उचललेले स्फुरद (फॉस्फरस), पालाश, कॅल्शियम यांतले काहीही साखरेच्या पोत्यातून बाहेर जात नाही. ते वाढ्यात म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यात असते, पाचटात म्हणजे वाळलेल्या पाल्यात असते, प्रेसमडमध्ये, राखेत आणि स्पेंट वॉशमध्ये असते. हे सगळे जर ज्या शेतातून आले त्याच शेतात परत गेले, तर माती खनिजांच्या बाबतीत गरीब व्हायचे कारणच नाही. दुसऱ्या कोणत्या नगदी पिकाबद्दल असे म्हणता येईल? धान्य विकले की त्याबरोबर स्फुरद विकले जाते. साखरेचे तसे नाही. आणि आपण काय करतो, तर ऊस तुटल्यावर पाचटाला काडी लावतो. हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय पदार्थ एका दुपारी धुरात जातो. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटलेल्या उसात, पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवणारे शेतकरी आहेत, त्यांच्या जमिनीचा पोत हातात घेऊन पाहावा.

आता पाणी. उसाच्या वजनात 70 टक्के पाणीच असते. कारखान्यात रस आटवताना त्याची वाफ होते, वाफ थंड होऊन पुन्हा पाणी मिळते. टनामागे जवळपास 700 लिटर. चांगला कारखाना हे पाणी फिरवून वापरतो आणि हंगामात नदीतून जेमतेमच पाणी उचलतो. पर्यावरणाचे पुरस्कार मिळतात ते यासाठी, आणि ते फुकटचे नसतात.

पण हा हिशेब गव्हाणीपासून सुरू होतो. तो शेतापासून सुरू करू. उसाला पाऊस आणि पाटपाणी धरून साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागते. हेक्टरवर त्याचे होतात दोन कोटी लिटर. हेक्टरी 100 टन ऊस निघाला, आणि हा उतारा चांगलाच म्हणायचा, तरी एका टनामागे दोन लाख लिटर. दोन लाख लिटर शेतात गेले, त्यातले 700 लिटर कारखान्यात आले आणि आपण त्या 700 लिटरच्या फेरवापराचा गौरव केला. बाकीचे गेले कुठे? बहुतेक पानांवाटे हवेत. ते पाऊस होऊन परत येईल, पण त्याच विहिरीत आणि त्याच वर्षी येईल याची हमी नाही. मराठवाड्यात पाऊस पडतो 700 मिलिमीटरच्या आसपास. वरचे 1,300 धरणातून आणि बोअरमधून यायचे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच पट्ट्यात ऊसही होता, कारखानेही होते. दुसऱ्या टोकाला सांगली-कोल्हापूरकडे अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, त्याही याच पिकाखाली.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये दाखवले होते की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा देशाचा कोळशाचा खप वाढला. स्वस्त पडले म्हणून यंत्रे वाढली. उसाचे तेच झाले. बगॅसला पैसे, मोलॅसिसला पैसे, राखेलाही पैसे मिळू लागले. कारखान्याला जास्त ऊस हवासा झाला. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. कायद्याने ठरलेला दर आणि शेतावर येऊन माल नेणारा ग्राहक त्याला उसाशिवाय कोणत्या पिकात मिळतो? ठिबकाचेही असेच होते. ठिबकाने पाणी वाचते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या दोन एकरांत ऊस लागला, तर विहिरीला काय मिळाले?

इथेनॉलबद्दल विशेष सावधपणे बोलले पाहिजे. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मोलॅसिसचे इथेनॉल हा अस्सल उपपदार्थ आहे. पाणी आधीच साखरेवर खर्च झालेले असते. 2018 च्या जैवइंधन धोरणाने थेट रसापासूनही इथेनॉल करायची वाट मोकळी केली. टनाला साधारण 70 लिटर मिळते. दोन लाखांना 70 ने भागा: लिटरमागे सुमारे 2,860 लिटर पाणी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही हाच आकडा आहे. हा मुख्य पदार्थ झाला, त्याला टाकाऊतून टिकाऊच्या रांगेत बसवणे मला मान्य नाही. 2023 मध्ये पाऊस कमी पडला म्हणून डिसेंबरमध्ये सरकारलाच रसाच्या वापरावर बंधन घालावे लागले होते.

मग कारखाने बंद करायचे का? नाही. जिथे ऊस पाण्याला परवडतो तिथे हे चक्र अजून घट्ट करा. जिथे परवडत नाही तिथे क्षेत्राला मर्यादा घाला आणि तूर, हरभरा, करडई यांच्या खरेदीची उसासारखी खात्री द्या. 1999 मध्ये राज्याच्या सिंचनाचा अभ्यास करणाऱ्या चितळे आयोगाने पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांतील उसाला आवर घालायला सांगितले होते, त्याला किती वर्षे झाली ते बघा.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप असते, साखरेचा उतारा असतो, विजेची युनिटे असतात. कार्यक्षेत्रात उसाखाली किती हेक्टर आले, त्यातले ठिबकावर किती, पाचट न जाळलेले किती आणि निरीक्षण विहिरींची पातळी मागच्या मे महिन्यापेक्षा वर आहे की खाली, हे त्यात नसते. विहिरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मोजतेच. तुमच्यापैकी जे सभासद असतील त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत हे आकडे मागावेत, आणि पुढच्या वर्षी ते छापून आले नाहीत तर पुन्हा मागावेत.