ड्रायव्हरचा तास आणि पार्सलचा खर्च

मंडळी, अमेरिकेतल्या पार्सल धंद्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. यूपीएस या पार्सल कंपनीला कामगारांची युनियन महाग पडली आणि त्याचा फायदा फेडेक्स व अ‍ॅमेझॉनने उठवला. हिशेब मांडला की हे निम्मंच खरं असल्याचं दिसतं.

ऑगस्ट 2023 मध्ये यूपीएसच्या सुमारे 3,40,000 कामगारांसाठी टीमस्टर्स युनियनने केलेला पाच वर्षांचा करार 86.3 टक्के मतांनी मंजूर झाला. त्यात पाच वर्षांत तासाला 7.50 डॉलर वाढ ठरली. पार्ट-टाइम कामगाराला लगेच किमान 21 डॉलर आणि कराराअखेर पूर्णवेळ ड्रायव्हरचा सर्वांत वरचा दर सरासरी 49 डॉलर. कंपनीच्या प्रमुख कॅरल टोमे यांनी कराराअखेरचा आकडा सांगितला: ड्रायव्हरमागे वर्षाला सुमारे 1,70,000 डॉलर. अनेकांनी तो पगार म्हणूनच वाचला. प्रत्यक्षात त्यात आरोग्यविमा, पेन्शन सगळं धरलेलं आहे.

आता वर्षाचे 2,080 तास धरा, म्हणजे आठवड्याला 40. तासाचा खर्च साधारण 82 डॉलर येतो. ओव्हरटाइमसकट 2,400 तास धरले तर 71. ग्राहकाकडून मात्र पैसे तासाचे मिळत नाहीत, पार्सलचे मिळतात. तासाला 16 ठिकाणी थांबणाऱ्या गाडीचा एका थांब्याचा खर्च 82 च्या दराने पाच डॉलरच्या थोडा वर जातो. 24 थांबे झाले तर तोच साडेतीनच्या खाली येतो. एखाद्या कार्यालयात एकदम सहा खोकी उतरवली तर खोक्यामागे खर्च एक डॉलरही राहत नाही. लांबच्या वस्तीतल्या घरी एकच पाकीट द्यायला गेलात तर सगळा थांबा त्या एका पाकिटाच्या माथी. ऑनलाइन खरेदी वाढली तसं काम कार्यालयांकडून घरांकडे सरकलं, आणि वेतनदर तोच असला तरी पार्सलमागचा खर्च चढला. अ‍ॅमेझॉनकडे स्वतःच्याच ऑर्डरी इतक्या आहेत की एका गल्लीत गाडी बऱ्याच दारांशी थांबते. ही घनता पगार कापून मिळत नाही.

पार्ट-टाइम कामगारांचा दर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. पहाटे हबमध्ये, म्हणजे पार्सलं वेगळी करण्याच्या केंद्रात, गाड्या भरण्याचं काम, त्याला तिथे प्रीलोड म्हणतात, हीच माणसं करतात. प्रत्येक खोक्यावर एक छोटं लेबल असतं; कोणती गाडी आणि गाडीतली कोणती फळी, ते त्यावर छापलेलं. खोकं त्याच फळीवर, थांब्यांच्या क्रमाने लागलं पाहिजे. नवखा माणूस घाईत पाचव्या फळीचं खोकं दुसरीवर टाकतो. मग दुपारी ड्रायव्हर रस्त्याकडेला गाडी उभी करून मागे शोधत बसतो, किंवा सोडून आलेल्या गल्लीत परत जातो. स्वस्त तासाची चूक महाग तासात वसूल होते. पगार कमी, म्हणून माणसं टिकत नाहीत. माणसं टिकत नाहीत, म्हणून अशा चुका वाढतात. 1997 च्या ऑगस्टमधला 15 दिवसांचा संप मुख्यतः याच पार्ट-टाइम कामावर होता. 1,85,000 कामगार बाहेर पडले आणि 10,000 नव्या पूर्णवेळ जागा कबूल करून घेऊनच परतले.

आता प्रतिस्पर्धी. फेडेक्सची एक्सप्रेस सेवा रेल्वे आणि विमान कंपन्यांसाठीच्या 1926 च्या कायद्याखाली येते. तिथे युनियन करायची तर त्या वर्गातल्या देशभरच्या कामगारांची मिळून एकच निवडणूक घ्यावी लागते. यूपीएसचे ड्रायव्हर दुसऱ्या कायद्याखाली येतात, तिथे एकेका केंद्रात संघटन होऊ शकतं. फेडेक्स ग्राउंडने तर ड्रायव्हरांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं होतं. गाडी त्यांची, डिझेल त्यांचं. पण गाडीचा पांढरा रंग कोणत्या छटेचा आणि आतल्या फळ्या किती मापाच्या, हे कंपनी ठरवणार. 2014 मध्ये अपील न्यायालयाने हेच तपशील पाहून कॅलिफोर्नियातल्या अशा ड्रायव्हरांना नोकरदार ठरवलं. पुढच्या वर्षी 22.8 कोटी डॉलरवर तडजोड झाली. अ‍ॅमेझॉनने 2018 पासून छोट्या कंत्राटी कंपन्या उभ्या केल्या: व्हॅनवर नाव अ‍ॅमेझॉनचं, पगारपत्रकावर दुसऱ्याचं. खर्चातल्या फरकाचा मोठा वाटा इथला आहे. अपघात, आजारपण, म्हातारपण यांचा भार कोणी उचलायचा, हे अशा रचनेत ठरतं. तो भार कामगारावर ढकलून मिळालेल्या स्वस्ताईला मी कार्यक्षमता म्हणणार नाही.

यूपीएसने घेतलेला मार्गही जोखमीचा आहे. अ‍ॅमेझॉनची पार्सलं पोचवण्याच्या कामात यूपीएसला नफा कमी, म्हणून ते जून 2026 पर्यंत निम्म्याहून जास्त घटवायचं, असं जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालं. एप्रिलमध्ये सुमारे 20,000 नोकऱ्या कमी करणं आणि 73 इमारती बंद करणंही त्याला जोडलं गेलं. मात्र कमी नफ्याचं खोकंसुद्धा त्याच गल्लीत जात होतं. ते गेलं की उरलेल्या खोक्यांनी गाडीचा तास भरून काढायचा. त्या जागी यूपीएसला हवी असलेली दवाखाने आणि छोट्या व्यापाऱ्यांची पार्सलं तेवढ्या वेगाने वाढली नाहीत, तर वेतनवाढ न होताही पार्सलमागचा खर्च चढेल. सध्याचा करार 31 जुलै 2028 ला संपतो. तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर तासाच्या दराशेजारी थांब्यांचे आकडेही मांडले जावेत, अशी माझी मागणी आहे.