चिंबोरासोवरून बर्फाची लादी

नमस्कार मंडळी! आज जायचंय पार इक्वाडोरला, अँडीजच्या डोंगरात. गावाचं नाव रिओबांबा. परत सांगतो, रिओबांबा, पहिल्या फटक्यात कुणाच्या लक्षात राहत नाही. चिंबोरासो प्रांताची राजधानी, आपल्या जिल्ह्याच्या गावासारखी समजा. उंची साधारण २,७५० मीटर, संध्याकाळ झाली की स्वेटर घालायचाच.

तर हे गाव मूळ जागेवर नाहीये. ४ फेब्रुवारी १७९७ ला भूकंप झाला, डोंगर घसरून गावाचा एक भाग गाडला गेला, वाचलेले म्हणाले इथे आता नको. मग पंधरा-वीस किलोमीटरवर तापीच्या माळावर, हो हो तापीच, पण आपली नदी नव्हे, सरळ रस्ते आखून नवं गाव वसवलं आणि जुन्या चर्चचे कोरीव दगड आणून नव्या कॅथेड्रलचं तोंड उभं केलं. म्हणजे नाव तेच, दगड तेच, जागा नवी. इक्वाडोरची पहिली राज्यघटनाही इथलीच, १८३०.

पण मला सांगायचंय ते बर्फाचं. गावावर चिंबोरासो डोंगर उभाय, ६,२६३ मीटर. पृथ्वी मध्यावर फुगीर असल्याने तिच्या केंद्रापासून सगळ्यात लांब टोक एव्हरेस्ट नाही, हे आहे! (आमच्या क्विझवाल्यांना हे पटत नाही, सोडा.) तर बाल्तासार उश्का नावाचे गृहस्थ, अगदी पोरवयापासून, गाढवं घेऊन पहाटे या डोंगरावर चढायचे. वाटेत माळावरचं गवत कापायचं, त्याचेच दोर वळायचे. वर पोचलं की आधी माती-दगड बाजूला करायचे, कारण बर्फ खाली दडलेला, मग कुऱ्हाड आणि पहार घेऊन लादी फोडायची, वीसेक किलोच्या वर एकेक, गवतात घट्ट गुंडाळायची, गाढवाच्या दोन्ही अंगांना एकेक बांधायची आणि टपटप ठिबकत खाली. खाली बाजारात फ्रीज आहेत, फॅक्टरीचा बर्फ स्वस्त आहे, बाकीच्यांनी धंदा कधीच सोडला. हे मात्र जातच राहिले. त्यांना शेवटचा बर्फवाला म्हणायचे, इएलेरो. २०२४ मध्ये वारले, ऐंशीच्या घरात.

आणि जाता जाता, उपवासाला चालणारा आपला बटाटा मूळचा या अँडीजचाच, मग टोमॅटोने काय घोडं मारलंय, तोही तिकडचाच, पण उपवासाला चालत नाही! असो.

तर ती लादी जायची ला मेर्सेद मार्केटला. तिथे बायका बर्फ किसून फळांच्या रसात घालतात. रसाचं नाव रोंपेनुकास, म्हणजे मानमोड्या. गटागटा प्यायलात तर मानेत अशी कळ जाते की ग्लास खाली ठेवून दोन मिनिटं मान चोळत बसायचं.