गोदावरी नावाची पणजी

मंडळी, नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या मराठी शाळेत मुलांनी वंशावळी मांडल्या. एका कागदावर पणजीचं नाव होतं, गोदावरी. शेजारची चिमुरडी लगेच म्हणाली, "ही तर नदी आहे. माणसाला नदीचं नाव कोण ठेवतं?"

आपणच ठेवायचो, बाळा. आणि शास्त्राला न जुमानता ठेवायचो. मनुस्मृती सांगते, नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये. आपल्याकडे मात्र घरोघर रोहिणी, रेवती, तुळसा, यमुना, कृष्णा नांदल्या. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलीचं नाव विषम अक्षरांचं आणि आकारान्त हवं. गोदावरीत अक्षरं चार, शेवटी री. दोन्ही नियम मोडून ती पाळण्यात निजली!

पंचांगाचं गणित वेगळं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. ज्या चरणावर जन्म, त्याच्या अक्षराने नाव. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण. त्यांनी नाव सुरू होणार कसं? म्हणून ङ ऐवजी ग आणि ण ऐवजी ड घेण्याची सोय जुन्यांनीच करून ठेवली. शिवाय हे जन्मनाव पत्रिकेपुरतं. हाक मारायचं नाव निराळं. आजोबांचं नाव नातवाला दिलं, तर सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेणार कशी? मग तो नाना, भाऊ, दादा. बाळाजी विश्वनाथांचा नातूही बाळाजीच, पण आपण त्याला नानासाहेब म्हणून ओळखतो. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरातलं 'बाळ' तेवढं टिकलं.

मुलींचं मात्र लग्नात नावच बदलायचं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. तेव्हा ती गोदावरी माहेरची की सासरची, हे घरात विचारून घ्या. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा. आणि मुलगी नकोच होती म्हणून 'नकुशा' ठेवणारेही आपलेच. सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली नवी नावं मिळाली, हेही मुलांपासून लपवू नका.

इथे परदेशात आई-बाळ घरी यायच्या आत इस्पितळाचा फॉर्म भरावा लागतो. बाराव्या दिवशी आत्या पडद्यावरून कुर्र करते, तेव्हा नाव केव्हाच पक्कं झालेलं असतं. बालवर्गाची हजेरी घ्या: आरव, विवान, मायरा, कियारा. गोड नावं आहेत. पण शाळेतल्या बाईंना उच्चार जमेल का, हे आपण आधी बघतो आणि पणजीचं नाव काय होतं, हे विचारतही नाही. हे मला खटकतं, आणि आपल्या माणसांसमोर ते बोललंच पाहिजे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. नाशिकच्या लेण्यांतला गौतमीपुत्र सातकर्णी आठवला ना? आईचं नाव लावणं आपल्याला नवं नाही. मग मधल्या नावाच्या रकान्यात पणजीला जागा द्यायला काय हरकत आहे?

अमेरिकेत १८८० साली मुलींच्या नावांत एमा तिसरी होती. पुढे ती पार मागे पडली आणि २०१४ ते २०१८ सलग पहिली आली. सरकारने १८८० पासूनच्या याद्या जपल्यात, म्हणून हे कळतं. आपल्या जुन्या वंशावळींत बहुधा मुलगेच लिहिलेले. तुमच्या नातीला उद्या पणजीचं नाव हवंसं वाटलं, तर ती ते शोधणार कुठे?